हर की दूनला जाताना ओसल्यात थांबा

सांखळीच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे: घरची आणि शेजारची मिळून नऊ माणसं. सर्वांत लहान चौदा वर्षांची मुलगी, सर्वांत मोठे बासष्ट वर्षांचे बाबा, ज्यांचा उजवा गुडघा अधूनमधून धरतो. दूधसागर झाला, वाघेरी झाली, हिमालय कुणीच पाहिलेला नाही. उत्तराखंडातल्या हर की दून दरीत वाटाड्याबरोबर जायचं आहे, निसर्ग पाहायचा आहे आणि ‘तिथली संस्कृतीही’. आम्हा समुद्रकाठच्या माणसांना झेपेल का, कधी जावं, कंपनीचं पॅकेज घ्यावं की तिथला माणूस धरावा, आणि बाबांना न्यावं का?

ताई, झेपेल. गेली अठरा वर्षं मी फोंड्याहून गट घेऊन हिमालयात जातो, त्यात हर की दूनला अकरा वेळा गेलो. गोव्यातली माणसं चालायला कमी पडतात असं मला एकदाही दिसलं नाही. कमी पडते ती सवड. सुट्टी आठवड्याची असते, त्यातले चार दिवस प्रवासात जातात आणि उरलेल्या दिवसांत दरी उरकायची घाई होते. म्हणून पहिली विनंती एवढीच, की पॅकेजच्या कागदावर जितके दिवस लिहिलेले असतील त्यांत दोन मिळवा. ते दोन दिवस कुठे खर्च करायचे ते पुढे सांगतो.

आधी वाट. गोवा एक्स्प्रेसने दिल्लीपर्यंत, तिथून डेहराडून. डेहराडूनहून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड करत सांकरी. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटाचं असल्यामुळे जीपला आठ ते दहा तास लागतात. सकाळी उजाडतानाच निघा. पोटाच्या तक्रारी असलेल्यांना पुढच्या सीटवर बसवा. चोर्ला घाटात ज्यांना मळमळतं त्यांचं इथे काय होईल ते वेगळं सांगायला नको. पैसे डेहराडूनला किंवा फार तर पुरोल्याला काढून घ्या, पुढे यंत्राच्या भरवशावर राहू नका.

पुरोल्याला चहाला थांबाल तेव्हा आजूबाजूची खाचरं बघा. रामा सिराईं आणि कमल सिराईं या तिथल्या दोन खोऱ्यांत लाल तांदूळ पिकतो आणि साऱ्या गढवालात त्याला नाव आहे. खाजनातला आपला कोरगुट खाल्लेल्या माणसाला तो भात पहिल्या घासात ओळखीचा वाटतो. परतीच्या वाटेवर किलोभर घ्या आणि घरी त्याची पेज करून पाहा.

नैटवाडला रुपीन आणि सुपीन या दोन नद्या मिळतात आणि तिथून पुढे तिला टोंस म्हणतात. टोंस ही यमुनेची मोठी उपनदी. संगमाजवळ तिच्यात यमुनेपेक्षा जास्त पाणी असतं. तुमचं पुढचं सगळं चालणं सुपीनच्या काठाने आहे. हा भाग गोविंद अभयारण्यात येतो, १९५५ साली घोषित झालेल्या आणि गोविंद वल्लभ पंतांचं नाव दिलेल्या. त्यामुळे वनखात्याच्या चौकीवर नोंद आणि शुल्क आलं. प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती वेगळ्या पाकिटात ठेवा.

सांकरी १,९०० मीटरच्या थोडी वर आहे, म्हणजे गोव्यातल्या कुठल्याही डोंगरमाथ्याहून उंच. तिथून तालुका नावाच्या गावापर्यंत साधारण अकरा किलोमीटर जीपचा खडबडीत रस्ता. जीप नेमकी किती आत जाते हे पावसाळ्यागणिक बदलतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात वाटाड्याला फोन करून विचारा. तालुक्याहून नदीकाठाने गंगाड, आणि त्यापुढे नदीच्या एका अंगाला सीमा नावाचं गाव, दुसऱ्या अंगाला उंचावर ओसला. उंची २,५०० मीटरच्या आसपास. ओसल्याच्या पुढे शेतं संपतात, चढ सुरू होतो, कलकत्तीधारची खांद लागते आणि मग हर की दून, साधारण ३,५६० मीटरवर. समोर स्वर्गारोहिणी शिखर, ६,२५२ मीटर. दून म्हणजे दरी, डेहराडूनमधला दून तोच.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमचं वेळापत्रक याच जागी अडतं. दुसऱ्या खेपेला मी बारा जणांचा गट घेऊन गेलो होतो. सीमेहून सकाळी निघून संध्याकाळी वर पोचलो आणि तिथेच तंबू ठोकले. एका दिवसात हजार मीटर उंची घेतली आणि त्याच उंचीवर झोपलो. डिचोलीचा एक तरणाबांड मुलगा, कबड्डी खेळणारा, सगळ्यांच्या पुढे चालत आलेला, रात्री नऊला डोकं धरून बसला. उलट्या झाल्या. अकराच्या सुमारास त्याला सरळ रेषेत चालता येईना. आमच्याबरोबर गंगाडचा एक वाटाड्या होता, पन्नाशीतला. मी सकाळची वाट पाहू म्हणत होतो. त्याने ऐकलं नाही. मुलाला मध्ये घेऊन आम्ही तिघं विजेरीच्या उजेडात उतरू लागलो आणि कलकत्तीधारच्या खाली आल्यावर मुलगा स्वतःहून पाणी मागू लागला. त्या रात्री निर्णय माझ्या हातात राहिला असता तर काय झालं असतं, हे मी आजही प्रत्येक गटाला सांगतो.

समुद्रसपाटीच्या मानाने साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब जेमतेम दोन-तृतीयांश असतो. शरीर त्याला सरावतं, पण त्याला रात्री लागतात. दम आणि जिद्द तिथे कामाची नाही. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणून तुमच्यासाठी असं बसवा: पहिली रात्र सांकरी, दुसरी गंगाड, तिसरी आणि चौथी ओसला, पाचवी कलकत्तीधारच्या आसपास, सहावी वर. सातव्या दिवशी सकाळी जौंधार हिमनदीच्या दिशेने दोन-तीन तास फिरून खाली या. वर जागा नसेल किंवा थंडी सोसवणार नसेल, तर कलकत्तीधारहून पहाटे निघून दून पाहून त्याच दिवशी परत या. त्यात कमीपणा काही नाही.

डोकं दुखतंय, भूक नाही, झोप नाही, एवढंच असेल तर तिथेच थांबा, चढू नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, पाय लडखडले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरा. तरुण मुलं लपवतात, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरला विचारून ठरवा. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. आणि पाणी प्या. इथे आपल्याला घामाच्या धारा लागतात म्हणून तहान कळते, तिथल्या कोरड्या हवेत घाम जागच्या जागी उडून जातो आणि संध्याकाळी लघवी पिवळीजर्द झाल्यावर माणूस जागा होतो.

कधी जायचं? चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की. मे महिन्यात बुरांशाची लाल फुलं असतात, वर उरलासुरला बर्फही मिळतो, पण गर्दी असते. जुलै-ऑगस्टमध्ये त्या रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा जाऊच नका. माझं मत विचाराल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. आभाळ धुतल्यासारखं असतं आणि ओसल्याच्या उतारांवर राजगिरा पिकलेला असतो. आपण राजगिरा लाडवापुरता ओळखतो. तिथे डोंगरच्या डोंगर गर्द किरमिजी होतो, त्यावर पिवळी पडत चाललेली अक्रोडाची झाडं आणि मागे पांढरी शिखरं. रात्री वरच्या मुक्कामी पाणी गोठेल, तेवढी तयारी ठेवा.

कंपनी की स्थानिक माणूस? बुकिंग कुणाकडेही करा, पण पुढे चालणारा माणूस दरीतला हवा: सांकरी, सौड, कोटगाव, गंगाड, ओसला या गावांतला. हे मी आपुलकीपोटी म्हणत नाही, त्या रात्री उतरायची वाट त्या माणसाच्या पायांना पाठ होती म्हणून म्हणतो. पैसे देण्याआधी चार गोष्टी फोनवर विचारा. आमच्याबरोबर नेमकं कोण चालणार, त्याचं गाव कोणतं? त्याने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा तशा एखाद्या संस्थेचा अभ्यासक्रम केला आहे का, निदान प्रथमोपचार शिकला आहे का? नऊ जणांमागे माणसं किती? दोन तरी हवीत, कारण एक आजाऱ्याला घेऊन उतरला तर बाकीच्यांपाशी एक उरला पाहिजे. आणि ओझं नेणाऱ्यांना रोज काय मिळतं, त्यांना झोपायला तंबू आहे का? शेवटच्या प्रश्नाला जो चाचरतो, त्याच्याकडे मी गट देत नाही. वीस किलोपेक्षा जास्त ओझं कुणाच्या पाठीवर देऊ नका, ते आनंदाने उचलत असले तरी.

आता ‘संस्कृतीही’. ताई, तुमच्या प्रश्नातल्या या शब्दासाठीच मी एवढं लांब लिहायला बसलो.

गोव्याबाहेरच्या ट्रेकरला जे समजावून सांगताना माझी दमछाक होते, ते तुम्हाला जन्मापासून ठाऊक आहे. आपल्याकडे गावाचा देव हा गावचा वडीलधारा असतो. पेरणी, जत्रा, भांडणतंटा, सगळ्याला त्याचा कौल. देवाच्या अंगावर पाकळ्या लावून उजवी पडते की डावी हे आपण श्वास रोखून बघतो. अवसर आला, म्हणजे कुणाच्या अंगात देव आला, की गाऱ्हाणं घालतो. सुपीनच्या दरीत तेच आहे. तिथे सोमेश्वर हा दरीचा देव. तो एका देवळात बसून राहत नाही, डोलीत बसून गावोगाव फिरतो आणि ज्या गावात असेल तिथला पाहुणाही असतो आणि मालकही. डोली खांद्यावर असताना कुठे झुकते, कशी डोलते, यावरून त्याची मर्जी ओळखतात. ज्याच्या अंगात देव येतो त्याला माली म्हणतात आणि लोक त्याच्यापुढे आपलं दुखणं मांडतात. पुढे ढोल-दमाऊ वाजतात. ते वाजवणारे बाजगी पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या देवाला कोणता ताल हे लक्षात ठेवत आलेले आहेत. शिगम्याला रोमटात, त्या ढोलताशांच्या मिरवणुकीत, उभं राहिलेल्या माणसाला तो ढोल छातीत कळतो.

ओसल्याचं देऊळ दुर्योधनाचं आहे, अशी गोष्ट पर्यटकांना सर्रास ऐकवली जाते. ‘जगात फक्त इथेच दुर्योधनाची पूजा’ वगैरे. मीसुद्धा पहिली काही वर्षं ती चवीने सांगत असे. एकदा ओसल्यातल्या एका आजोबांनी मला देवळाच्या पायरीशी थांबवून विचारलं, तुमच्या गावच्या देवाबद्दल आम्ही येऊन असं सांगितलं तर? आपल्या केरी गावच्या आजोबा देवाला कुणी परक्याने भलत्याच नावाने हाक मारली तर सत्तरी तालुक्यात काय वाटेल, हे मला क्षणात कळलं. या दरीतल्या देवाला दुर्योधन म्हटल्याचे जुने लेखी उल्लेख आहेत, अभ्यासकांनी त्यावर लिहिलंही आहे, तो वाद खरा आणि गुंतागुंतीचा आहे. पण आज ओसल्यात विचाराल तर उत्तर सोमेश्वर. आपण पाहुणे आहोत, घरच्यांनी सांगितलेलं नाव घ्यावं.

महाभारत मात्र तिथे पावलोपावली आहे. नैटवाडजवळच्या देवरा गावात कर्णाचं देऊळ आहे. स्वर्गारोहिणीच्या वाटेने पांडव स्वर्गाला निघाले, ही तिथली श्रद्धा. पांडवांचा नाच नाचतात तेव्हा पांडव नाचणाऱ्यांच्या अंगात येतात, नाटकातल्यासारखं सोंग घेतलेलं नसतं. आणि दिवाळी तिथे महिनाभर उशिरा, मार्गशीर्षात करतात. तिला मंगसीर बग्वाळ म्हणतात.

घरं बघा, पण बाहेरून. दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळयांचा एक थर, कोपऱ्यात तुळया एकमेकींत अडकवलेल्या, सिमेंटचा कण नाही. खाली गुरं, मधे धान्य, वर माणसं. २० ऑक्टोबर १९९१ च्या उत्तरकाशीच्या भूकंपात दगडमातीची आणि काँक्रीटची घरं पडली, पण या पद्धतीची कितीतरी घरं उभी राहिली, कारण लाकडाचे सांधे हलतात आणि धक्का जिरवतात. या घरांचा वैरी आग. म्हणून घराजवळ विडी-सिगारेट ओढू नका आणि शेकोटी मागू नका.

पवाणीच्या आसपास ओढ्यावर घराट दिसेल, म्हणजे पाणचक्की. पोखरलेल्या लाकडातून पाणी वेगाने खाली येतं, लाकडी पात्यांवर आदळतं, वरचा दगड फिरतो. धान्याच्या टोपलीला एक काठी बांधलेली असते; ती फिरत्या दगडावर टकटकत राहते आणि त्या हादऱ्याने मूठ मूठ धान्य आत पडतं. दगड जोरात फिरला तर धान्य जास्त पडतं, मंदावला तर कमी. त्यात मंडुवा दळतात. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच. तिथे तिची भाकरी होते, आपल्याकडे आंबील.

काही गोष्टी अगदी स्पष्ट सांगतो, कारण गोव्यात राहून आपण याच गोष्टींनी दुखावलेले आहोत. आपल्या जत्रेत न विचारता कॅमेरे घुसवणारे, देवळाच्या तळीत पाय सोडून बसणारे, दूधसागरच्या वाटेवर बाटल्या फोडणारे आपण पाहिले आहेत. तिथे आपण ते होऊ नये. देवळाच्या चौथऱ्यावर विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. चामड्याचा पट्टा, पाकीट आधी काढा. कुठल्याही देवळात आत जाता येईल असं गृहीत धरू नका. पाठीवर गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईचा फोटो काढण्याआधी तिच्याशी बोला, ती नाही म्हणाली तर हसून पुढे चला. भावाभावांत एक बायको असण्याच्या जुन्या चालीबद्दल काहींना फार कुतूहल असतं. कुणाच्या घरात बसून त्याच्या आईला-बहिणीला असलं विचारू नये. मुलं मिठाई मागतील. वाटू नका, ती सवय ट्रेकरांनीच लावली आहे. वह्या-पेन्सिली न्यायच्या तर शाळेतल्या गुरुजींच्या हाती द्या. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, त्यांच्याशी तासभर गप्पा मारा.

म्हणूनच ते दोन जादा दिवस ओसल्यात घालवा, तंबूत नाही, कुणाच्या तरी घरी. एक रात्र राहिलात तर तुम्ही गिऱ्हाईक असता. दुसऱ्या रात्री चुलीजवळ बसायला बोलावतात, राजमा निवडायला देतात, तुमच्या गावाबद्दल विचारतात. उंचीचा सरावही याच दोन रात्रींत होतो.

निसर्गाबद्दल तुमचा वाटाड्या सांगेलच, मी दोनच पाखरं सांगतो. मोल्याच्या जंगलात पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कस्तुर तुम्ही ऐकला असेल. सुपीनच्या खडकांवर त्याचाच भाऊबंद, निळा शीळ घालणारा कस्तुर, पाण्याच्या घोंगाटावर मात करत गातो. आणि नीलांग, तो निळसर-हिरवा माशीमार, जो डिसेंबरात आपल्याकडे तारेवर बसलेला दिसतो, त्याचं माहेर हिमालय. मोनाल दिसला तर नशीब. तो उत्तराखंडचा राज्यपक्षी, पहाटे भूर्जाच्या झाडांखाली शोधा. भूर्जाची साल सुटत आलेली असते, हात शिवशिवतात, पण सोलू नका. मेंढपाळांचे मोठे केसाळ कुत्रे, गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा असलेले, दिसले की मालकाने हाक देईपर्यंत कळपाजवळ जाऊ नका.

सामानाचं थोडक्यात. सुती कपडे चालायला नकोत, भिजले की अंगावर थंड होतात. आत घाम शोषणारा, मध्ये लोकरी, वर पाऊस-वारा अडवणारा, असे तीन थर. बूट नवे असतील तर निदान महिनाभर आधी घाला. सरावासाठी पारोड्याचा चंद्रेश्वराचा डोंगर आठवड्यातून दोनदा, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. वाघेरीला जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. सोलां, म्हणजे आमसुलं, मूठभर घ्या, पोट बिघडलं तर गरम पाण्यात उपयोगी पडतात. घरवाल्यांसाठी आपले भाजलेले काजू न्या.

राहिले बाबा. त्यांना न्या. आधी डॉक्टरांना हृदय, रक्तदाब आणि गुडघा दाखवा, होकार मिळाला की दोन काठ्या आणि गुडघ्याचा पट्टा घ्या. तालुका ते ओसला वाट लांब असली तरी बहुतेक नदीकाठाची आहे, गंगाडला मुक्काम केलात की ती दोन दिवसांत वाटली जाते. गुडघ्याचा त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो, म्हणून त्यांना ओसल्याच्या पुढे नेऊ नका. तुम्ही वर जाल त्या दोन-तीन दिवसांत त्यांच्यासोबत घरचं एक माणूस आणि वर येणाऱ्या दोघांखेरीज आणखी एक वाटाड्या ठेवा. सकाळी उन्हात अंगणात बसतील, दुपारी घराटापर्यंत चालून येतील. त्यांना शेती ठाऊक असेल तर भाषेची अडचण येत नाही. मागे वाळपईचे एक काका असेच थांबले होते. आम्ही वरून उतरलो तेव्हा ते घरच्यांबरोबर खळ्यात बसून राजगिरा झोडत होते, आणि नाचणी कधी पेरता यावर त्यांची मोडक्यातोडक्या हिंदीत चर्चा चालली होती.